पावसाळा आला की फोटो पुसट का येतात? जास्वंद, साय, शंभू आणि साधा कॅमेरा

मृगाच्या सरी पडून आठवडा झाला की माझे फोटो पुसट यायला लागायचे. सलग तीन वर्षं हेच घडलं. एप्रिलमध्ये त्याच गॅलरीत, त्याच कॅमेऱ्याने काढलेल्या जास्वंदीचे परागकण मोजून घ्यावेत इतके स्वच्छ फोटो, आणि जुलैत तेच फूल ओल्या काचेआडून पाहिल्यासारखं. दिवाळीच्या सुमारास सगळं आपोआप सुधारायचं आणि मी तो विषय विसरून जायचे, पुढच्या जूनपर्यंत.

पहिल्या वर्षी वाटलं, लेन्स खराब झाली. साफ करून आणली. फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी पन्नास मिमीची एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त) घेतली, कारण 'कमी उजेडात हीच घ्या' असं सगळे सांगत होते. फोटो आणखी बिघडले. तिसऱ्या वर्षी मी नवे फोटो काढणं थांबवलं आणि बिघडलेले फोटो संगणकावर मोठे करून एकेक पाहत बसले. तेव्हा कळलं, की मी ज्याला एक दोष समजत होते ते चार निरनिराळे दोष होते. पावसाळ्यात ते एकदम अंगावर येतात म्हणून एकच वाटतात. प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे आणि एकाचा उपाय दुसऱ्यावर केला, तर फोटो सुधारत नाही, उलट बिघडतो. माझी पन्नास मिमीची लेन्स हे त्याचंच उदाहरण.

आमचं घर कोथरूडला, दुसऱ्या मजल्यावर. गॅलरी पूर्वेची, वर स्लॅब. कुंड्यांत लाल जास्वंद, गोकर्ण, सदाफुली, थोडी शेवंती. घरात साय नावाची पांढरी मांजर आणि शंभू नावाचा काळाभोर कुत्रा. कॅमेरा कॅननचा १२००डी, सोबत आलेली १८-५५ लेन्स, नंतर घेतलेली पन्नास मिमी, आणि मुलीचा फोन. माझा अनुभव एवढ्या सामानावरचा आहे, पण निकॉनच्या साध्या कॅमेऱ्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

आधी मूळ फोटो उघडा

व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो पाहून निदान करू नका. तिथे फोटो लहान आणि दाबून पाठवला जातो, त्यात केसांचे आणि पाकळ्यांच्या शिरांचे बारकावे सर्वांत आधी जातात. माझ्या नणंदेने 'कॅमेरा बिघडला' म्हणून पाठवलेले तिन्ही फोटो तिच्या कार्डावर चांगले होते. फोटो पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

दुसरी गोष्ट, व्ह्यूफाइंडरमधून सगळंच धूसर दिसतंय पण निघालेला फोटो स्वच्छ आहे, असं असेल तर डोळा लावायच्या भागाशेजारचं छोटं चाक पिशवीत फिरलंय. आतले आकडे ठळक दिसेपर्यंत ते फिरवा. एवढंच.

आता मूळ फोटो शंभर टक्के मोठा करा आणि स्वतःला एकच विचारा: या फोटोत कुठे तरी काही तरी स्वच्छ आहे का?

कुंडीची कड, ग्रिल, मागची भिंत, सगळंच एकाच दिशेला ओढल्यासारखं दिसत असेल तर हात हलला. ग्रिल स्वच्छ पण फूल किंवा शेपटी फरफटलेली असेल तर समोरचं हललं. मांजरीचं नाक स्वच्छ आणि डोळे मऊ, म्हणजे धूसर, असतील, किंवा पुढची पाकळी स्वच्छ आणि केसर मऊ असतील, तर फोकस चुकीच्या जागी बसला. आणि कुठेही फरफट नाही, पण सगळ्यावर पांढुरका पडदा आहे, काळा रंग राखाडी दिसतोय, तर दोष काचेवर किंवा काचेत आहे. माझ्या त्या जुलैतल्या फोटोंपैकी निम्म्याहून जास्त दुसऱ्या प्रकारचे होते, म्हणून त्यावर जास्त लिहिते.

समोरचं हललं

एप्रिलच्या स्वच्छ उन्हात आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १०० आणि एफ ५.६ ठेवलं तर शटर, म्हणजे कॅमेरा उघडा राहण्याचा वेळ, साधारण १/८०० सेकंद मिळतो. आभाळ गच्च भरलं की उजेड तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उतरतो आणि तोच शटर १/१०० वर येतो. वर स्लॅब असलेल्या गॅलरीत तो आणखी उतरून १/२० च्या आसपास पोहोचतो. म्हणजे त्याच जागी, त्याच फुलासाठी कॅमेरा चाळीसपट जास्त वेळ उघडा राहतो. डोळ्यांना हा फरक जाणवत नाही, कारण बाहुली मोठी होते आणि आपल्याला वाटतं 'उजेड आहे की'. ही गफलत मी तीन वर्षं केली. कुणीतरी शिकवलं होतं की आयएसओ नेहमी १०० ठेवावा, फोटो स्वच्छ येतो. उन्हात ते खरं आहे.

त्यात पावसाळी वारा. जून-जुलैत पुण्यात नैऋत्येचा वारा दिवसभर सुटलेला असतो. जास्वंदीचा देठ लांब, फूल जड. अंगावर वारा जाणवत नाही तेव्हाही ते डोलत असतं. १/२० सेकंदात ते दोन-तीन मिलिमीटर सरकलं तरी जवळून काढलेल्या फोटोत तो सगळा बारकावा पुसला जातो.

इथे लेन्सवरच्या आयएस किंवा व्हीआर या बटणाविषयीचा गैरसमज दूर करायला हवा. ते बटण आपल्या हाताचा कंप सावरतं. समोरच्या फुलाला किंवा शेपटीला ते थांबवू शकत नाही. आयएस चालू असलेल्या फोटोत ग्रिल स्वच्छ आणि फूल फरफटलेलं दिसतं ते त्यामुळेच. ट्रायपॉडचंही तसंच. मी ट्रायपॉडवर काढलेल्या फोटोंत भिंतीचा रंग कुठे उडालाय तेसुद्धा दिसत होतं, फूल मात्र नाही.

मग काय करायचं? शटर आपण ठरवायचा आणि आयएसओ कॅमेऱ्यावर सोडायचा. कॅननमध्ये टीव्ही, निकॉनमध्ये एस लिहिलेला मोड लावा, शटर १/२५० ठेवा, आयएसओ ऑटो करा. माझ्या गॅलरीत तेव्हा आयएसओ १२५० ते १६०० जातो. फोटोत दाणे दिसतात, हे खरं. पण दाणे नंतर कमी करता येतात, फरफट कशानेही भरून येत नाही. आकडे स्थिर राहण्याऐवजी एफचा आकडा लुकलुकायला लागला तर उजेड अजूनही अपुरा आहे असं समजा. १/१६० वर या किंवा फूल उजेडाकडे वळवा.

बसलेल्या मांजरीला १/१२५ पुरतो. जांभई, अंग चाटणं, कान टवकारणं यासाठी १/२५० हवा. पळणाऱ्या कुत्र्यासाठी १/५०० हा कमीत कमी आकडा, आणि चेंडूमागे धावत असेल तर १/१०००. आता हा आकडा जुलैत स्लॅबखाली फोटोत फार दाणे आल्याशिवाय मिळत नाही. मग शंभूला धावताना टिपायचा हट्ट गॅलरीत करायचा नाही, तो तळजाईच्या मोकळ्या जागेत, पाऊस उघडलेला असताना करायचा. गॅलरीत तो थकून आडवा पडला की त्याचे फोटो काढायचे. जागा आणि वेळ बदलणं हासुद्धा उपायच आहे.

वाऱ्यासाठी मी कपड्याचा चिमटा जाड तारेच्या टोकाला बांधलाय. तारेचं दुसरं टोक कुंडीच्या मातीत खोचायचं आणि चिमट्याने फुलाखालचा देठ हलका धरायचा, चिमट्यात कापसाचा बोळा ठेवून. हे फक्त आपल्या कुंडीतल्या झाडाला. वेताळ टेकडीवर तेरडा किंवा कळलावी दिसली तर तिथे देठाला हात लावू नका, गवत तुडवून जवळ जाऊ नका. तिथे सकाळी लवकर जा. वारा त्या वेळी पडलेला असतो. आणि तरीही फूल डोलत असेल तर ते झुलून एका टोकाला पोहोचतं तो क्षण पाहा. तिथे ते निमिषभर थांबतं. त्या क्षणी बटण दाबा. एका वेळी चार-पाच फोटो काढा, एक तरी हाती लागतोच.

पन्नास मिमीने काम का बिघडवलं

या लेन्सला दोष देऊन मी ती कपाटात टाकली होती. प्रत्यक्षात तिने फरफटीचा दोष कमी केला आणि फोकसचा वाढवला. एफ १.८ ला उजेड भरपूर मिळतो, शटर वाढतो, फरफट थांबते. पण ३५ सेंमीवरून, म्हणजे तिला जमेल तितक्या जवळून, एफ १.८ ला स्वच्छ दिसणारा पट्टा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. जास्वंदीचा केसरदांडा चांगला काही सेंटिमीटर पुढे आलेला असतो. त्याच्या टोकाचे पाच लाल ठिपके स्वच्छ आले तर मागचे पिवळे पराग मऊ, आणि पाकळ्या तर ढगच. शिवाय बटण अर्धं दाबून फोकस बसल्यावर आपण श्वास घेतो, शरीर सेंटिमीटरभर पुढे-मागे होतं. दोन मिलिमीटरच्या पट्ट्यापुढे सेंटिमीटर म्हणजे फार झालं.

एफ ८ केलं की तो पट्टा आठ-नऊ मिलिमीटरचा होतो. तरीही पूर्ण फूल त्यात मावत नाही. इथे मला सर्वांत उपयोगी पडलेली गोष्ट कॅमेऱ्यात नव्हती, उभं राहण्यात होती. जास्वंद समोरून काढू नका, बाजूने काढा. केसरदांडा कॅमेऱ्याला समांतर आला की त्याचा तळ आणि टोक एकाच अंतरावर असतात, आणि मग पातळ पट्ट्यातही पूर्ण दांडा मावतो. थोडं मागे सरकून नंतर फोटो कापला तरी पट्टा जाड होतो; अठरा मेगापिक्सेल त्याला पुरतात. एफ १६ च्या पुढे मात्र जाऊ नका, तिथे सगळाच फोटो किंचित मऊ व्हायला लागतो.

'लेन्स फोकसच करत नाही, नुसती घरघरते' अशी तक्रार असेल तर तुम्ही तिच्या मर्यादेपेक्षा जवळ गेला आहात. १८-५५ ची मर्यादा २५ सेंमी आहे, पण ते अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजत नाहीत, सेन्सरपासून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या उजेड टिपणाऱ्या भागापासून, मोजतात. कॅमेऱ्याच्या वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेली एक खूण असते, तिथून पट्टी लावा. फूल लेन्सच्या तोंडापासून सुमारे बारा सेंमीवर येतं.

फोकसच्या जागेविषयी थोडक्यात: सगळे बिंदू चालू ठेवले तर कॅमेरा बहुधा सर्वांत जवळचा भाग निवडतो, म्हणजे मांजरीचं नाक आणि फुलाची पुढची पाकळी. फक्त मधला एक बिंदू ठेवा आणि तो जवळच्या डोळ्यावर टाका. जमिनीवर बसा, जमलं तर पालथं पडा. तिच्या डोळ्यांच्या उंचीवर कॅमेरा आला की दोन्ही डोळे एका अंतरावर येतात. हलणाऱ्या प्राण्यासाठी सतत फोकस करत राहणारा मोड लावा, कॅननमध्ये एआय सर्वो, निकॉनमध्ये एएफ-सी. काळ्या कुत्र्याच्या अंगावर फोकस बसत नाही, कारण कॅमेऱ्याला पकडायला काही फरकच दिसत नाही. डोळ्यातली चमक किंवा गळपट्ट्याची कड पकडा.

हे सगळं करूनही फोकस दर वेळी थोडा मागे किंवा पुढे बसत असेल, तर वर्तमानपत्र टेबलावर पसरा, तिरप्या कोनातून एका ओळीवर फोकस करा, आणि कोणती ओळ स्वच्छ आली ते बघा. मग तेच लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या पडद्यावर पाहून, करा. लाइव्ह व्ह्यूमध्ये फोकस थेट सेन्सरवर तपासला जातो, व्ह्यूफाइंडरमधून तो वेगळ्या भागावर तपासतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये बरोबर आणि व्ह्यूफाइंडरमधून दर वेळी तितकाच चूक, असं दिसलं तर हा खरा बिघाड आहे आणि तो सर्व्हिस सेंटरचंच काम आहे. तोवर फुलं लाइव्ह व्ह्यूमध्ये काढा.

लाल फूल सपाट का दिसतं

ही तक्रार गणपतीच्या दिवसांत हमखास येते, कारण तेव्हा सगळेच लाल जास्वंद काढत असतात. फूल हलत नाही, फोकस बरोबर आहे, तरीही पाकळ्या लाल प्लॅस्टिकच्या वाटतात. यात मऊपणा नाहीच. लाल रंगाचा कप्पा काठोकाठ भरून वाहिलाय. कॅमेरा एकूण उजेडाची सरासरी पाहतो आणि हिरवी पानं, काळी माती धरून 'ठीक आहे' म्हणतो, पण लाल तेवढा उतू गेलेला असतो आणि त्यातच पाकळीच्या शिरा होत्या. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा एकूण उजळपणा, उणे दोन-तृतीयांश ते उणे एक करा. फोटो पाहताना तीन रंगांचा वेगवेगळा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) उघडा. लाल आलेख उजव्या भिंतीला चिकटला नसावा. झेंडूचंही हेच.

सायच्या बाबतीत उलट. पांढरी मांजर चौकटभर असली की कॅमेरा तिला राखाडी करतो, तिला अधिक दोन-तृतीयांश द्या. शंभू चौकटभर असला की उणे द्या, नाहीतर तो करडा दिसतो. पण तोच शंभू उजळ आभाळासमोर बसला असेल तर तो नुसता काळा डाग होतो, तिथे अधिक द्यावं लागतं, किंवा त्याला फिरवून तोंडावर उजेड घ्यावा. दुसरा मार्ग चांगला.

फुलांसोबत मांजरीचे फोटो काढणाऱ्यांना एक कळकळीची विनंती. जास्वंद चालेल, पण लिली मांजरीजवळ ठेवू नका. लिलीची पानं, फुलं, अंगावर सांडलेले पराग चाटले तरी मांजरीची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मार्केट यार्डातून गौरीसाठी आणलेला गुच्छ सुंदर दिसतो, पण त्यात लिली असेल तर तो खोलीतच आणू नका. कण्हेर मांजर, कुत्रा, माणूस, सगळ्यांनाच विषारी आहे.

पांढुरका पडदा

आधी लेन्सचं तोंड बघा. बोटाचा ठसा, सायच्या नाकाचा ओला ठिपका, लेन्सवर चढवलेली स्वस्तातली काच म्हणजे यूव्ही फिल्टर, बहुतेक वेळा कारण यांतलंच एक असतं. फिल्टर काढून एक फोटो काढा आणि ताडून पाहा. फोनच्या बाबतीत तर शंभरातल्या नव्वद वेळा हेच असतं: सुती कापडाने लेन्स पुसा आणि मग पुढचं वाचा.

एसी गाडीतून खडकवासल्याला उतरलात आणि सगळं धुकट झालं तर लेन्स पुसत बसू नका. काच थंड आहे, बाहेरची हवा दमट आहे, पुसलं की पुन्हा दव धरणारच. बॅग बंद ठेवूनच वीस-तीस मिनिटं थांबा.

यातलं काहीच नसेल तर बुरशी शोधा. लेन्स कॅमेऱ्यातून काढा, एका बाजूने टॉर्च मारा आणि दुसऱ्या बाजूने तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे दिसले तर ती बुरशी. थोडी असेल तर फोटोतले बारकावे फारसे घटत नाहीत, पण उजेडासमोर फोटो पांढरा पडतो. जुलै-ऑगस्टच्या पुण्यात हवेतली आर्द्रता ऐंशी टक्क्यांच्या वर राहते, आणि लेन्स चामड्याच्या केसमध्ये, कपड्यांच्या कपाटात, अंधारात असेल तर बुरशीला याहून चांगली जागा नाही. माझ्या १८-५५ मध्ये अशी सुरुवात झाली होती, ती वेळेत साफ झाली. आता दोन्ही लेन्स हवाबंद डब्यात असतात, सोबत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ. काटा ४० ते ५० च्या मध्ये ठेवायचा. तांदळात ठेवू नका, पीठ आत जातं. निळं जेल घेऊ नका, त्यातला रंग विषारी असतो आणि घरात मुलं-प्राणी असतात, नारिंगी घ्या. पाऊस उघडला की लेन्स बाहेर काढून वापरा. पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी लवकर धरते.

संध्याकाळी दिव्याखाली

पावसाळ्यात संध्याकाळी चारलाच दिवे लागतात आणि मग दोन नव्या तक्रारी येतात. एक, फोटोवर आडवे काळे पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे काही एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा मंद-तेज होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की पट्टे जातात. मग १/२५० चं काय? दोन्ही एकदम मिळत नाहीत. म्हणून त्या दिव्याखाली फक्त झोपलेली साय काढायची.

दुसरी, फ्लॅश मारला की डोळे हिरवे-पिवळे चमकतात. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागे उजेड परतवणारा पडदा असतो, त्यामुळे रेड-आयचं बटण तिथे फारसं कामाचं नाही. फ्लॅश बंद ठेवा आणि प्राण्याला खिडकीपासून हातभर अंतरावर, बाजूने उजेड येईल असं बसवा. त्यांच्या डोळ्यांनाही ते सुखाचं.

फोनसाठी वेगळं थोडंच आहे. नाइट मोड अनेक फोटो एकावर एक रचतो, म्हणून हललेल्या शेपटीची सावली उमटते; तो बंद करा. पोर्ट्रेट मोड मिशा खातो. फूल फार जवळ धरण्यापेक्षा दोन हात मागे जा आणि दुप्पट झूम करा.

आणि लेन्स दुरुस्तीला न्यायचीच वेळ आली, तर सोबत दोन मूळ फोटो न्या: वर्तमानपत्राचा व्ह्यूफाइंडरमधून काढलेला एक आणि लाइव्ह व्ह्यूमधून काढलेला एक. 'फोटो पुसट येतात' एवढंच सांगितलं तर लेन्स फक्त पुसून परत मिळते.